हृदयाची बांगडी

हृदयाच्या एमआरआयमध्ये डाव्या जवनिकेची कड संगणकाकडून काढून घ्यायची, हे माझं रोजचं काम. त्यात ठेचा खाऊन उमगलेलं थोडं.

१. नुसत्या रंगावर जाऊ नका. आडव्या छेदात जवनिकेची भिंत बांगडीसारखी दिसते, मधलं रक्त पांढरं. पण त्या पांढऱ्यात स्नायूंचे दोन खुंट असतात, रंगाने हुबेहूब भिंतीसारखे. माझी पहिली कड त्यांच्या खाचाखोचांतून फिरली, उंदराने कुरतडल्यागत. डॉक्टर खुंट पोटात घेऊन एक सफाईदार गोल ओढतात. आकार त्यांच्या हातात आधीच बसलेला असतो.

२. हा आकार संगणकाला शिकवायची एक जुनी रीत मँचेस्टरच्या टिम कूट्स, क्रिस टेलर आणि सहकाऱ्यांची, १९९५ची. पुष्कळ हृदयांच्या कडांवर ठिपके ठेवायचे, आकार एकमेकांवर बसवायचे, सरासरी काढायची. मग ते जसे आणि जितके बदलताना दिसले, तेवढीच मोकळीक द्यायची. ऐकायला सोपं. पण बांगडीला सुरुवात कुठे असते? पहिला ठिपका ठेवायचा कुठे, यात माझे दोन आठवडे गेले. ठिपके घसरले की सरासरीही लिबलिबीत होते. शेवटी उजवी जवनिका भिंतीला येऊन मिळते तो सांधा धरला.

३. डाइसचा आकडा, म्हणजे माझा आणि डॉक्टरांचा भाग एकमेकांवर किती बसतो याचं माप, बघून हुरळू नका. दूर फुफ्फुसात चुकार ठिपका पडला तरी हा आकडा जेमतेम हलतो. हाउसडॉर्फ अंतर, म्हणजे दोन कडांमधली सगळ्यात मोठी तफावत, लगेच चुगली करतं.

४. महाधमनीजवळच्या वरच्या छेदात बांगडी तुटून घोड्याची नाल होते. माझ्या प्रोग्रामने तिथेही इमानेइतबारे बांगडी पुरी केली. रेडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "अहो, इथे स्नायू नाहीच. तुम्ही आणलात कुठून?"

५. २०१५ साली यू-नेट हे न्यूरल नेटवर्क आलं तेव्हा वाटलं, आकाराचं लोढणं सुटलं. कसलं काय! धूसर छेदात तेही बांगडीला खिंडार पाडतं.

६. हे सगळ्यात महागात पडलं. हार्ट अटॅकनंतर एका रुग्णाच्या जवनिकेच्या टोकाला फुगा आला होता. मी प्रोग्राम शिकवला होता बहुतेक निरोगी हृदयांवर. असा आकार असूच शकत नाही, असं ठरवून त्याने फुगा चापूनचोपून बसवला. कड देखणी, आजार गायब. मॅडमच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं. आता आकाराचा जोर कमी ठेवतो, आणि चित्र एक सांगतंय, आकार दुसरंच, अशी जागा लाल रंगवतो. मॅडम फाइल उघडली की आधी लाल बघतात, मग माझी कड.