यांत्रिक नौका आणि तलावाचा तळ : उथळ जलाशयांतील फॉस्फरसचा प्रश्न

शेतातून वाहून जाणाऱ्या मातीबरोबर फॉस्फरस तलावात पोहोचतो, हे विस्तार कार्यकर्त्यांना सांगावयास नको. बांधबंदिस्ती, गवताचे पट्टे, माती परीक्षणानुसार खतमात्रा हे उपाय आपण त्यासाठीही सुचवितो. परंतु पूर्वीच साठलेला फॉस्फरस तळाच्या गाळात स्वस्थ पडून राहील, असे उथळ जलाशयांच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. सहलीच्या यांत्रिक नौका तो पुन्हा पाण्यात आणू शकतात.

नौकेचा पंखा पाण्याचा जोरदार झोत मागे फेकतो. नौका वेग घेऊ लागते त्या वेळी तिचा मागील भाग खोल दबतो आणि हा झोत तळाकडे वळतो. त्यामुळे जेथे पाणी सर्वांत उथळ असते आणि नौका वारंवार सुरू होतात, त्या धक्क्याच्या परिसरात तळ अधिक खरवडला जातो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या उथळ तलावांवरील, 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोटारबोटींच्या ढवळण्याने गढूळपणा आणि फॉस्फरस दोन्ही वाढल्याचे आढळले होते.

उठलेला गाळ किती काळ तरंगतो, याचे उत्तर आपल्या मृदा प्रयोगशाळेतच आहे. पिपेट पद्धतीत 2 मायक्रॉन व्यासाचा कण 20 अंश सेल्सियस तापमानाला 10 सेंटीमीटर खाली बसण्यास सुमारे 8 तास घेतो. याच हिशेबाने 2 मीटर खोल, पूर्णपणे स्थिर पाण्यात त्याला जवळजवळ 7 दिवस लागतात. म्हणजे रविवारच्या सहलींनी उठलेली चिकणमाती पुढील रविवारपर्यंत जेमतेम तळ गाठते. रेती मात्र काही मिनिटांतच खाली बसते. काळ्या मातीच्या पाणलोटातील तलाव आणि रेताड तळाचा तलाव यांना एकच नियम लावणे म्हणूनच योग्य नाही.

चिकणमातीच्या कणांवरील लोहसंयुगे फॉस्फरस धरून ठेवतात. तळाशी ऑक्सिजन संपला की ही पकड सैल होऊन तो गाळातील पाण्यात उतरतो. पंख्याच्या झोताने हे पाणी वर आले की शैवालास खाद्य मिळते. ऑक्सिजनयुक्त पाण्यात त्यातील काही भाग पुन्हा कणांना चिकटतो, त्यामुळे प्रत्येक तलावात परिणाम सारखाच दिसत नाही. गढूळपणाने प्रकाश अडून तळाच्या वनस्पती मात्र क्षीण होतात, आणि गाळ जागेवर धरून ठेवणारी मुळेच जातात. हायड्रिलासारखी वनस्पती पंख्याने तुटली तर तिचे तुकडे अन्यत्र रुजतात, ही आणखी एक आपत्ती.

लाटांचा विचार वेगळा करावा लागतो. लाटेची उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या 2022 मधील मोजणीनुसार, मुद्दाम मोठी लाट उठविणाऱ्या क्रीडानौकांच्या लाटा सामान्य नौकांच्या 200 फुटांवरील लाटांइतक्या सौम्य होण्यास 500 फुटांहून अधिक अंतर लागते. अशा लाटा मातीचा काठ ढासळवितात.

इंधनाचा भाग सर्वपरिचित आहे. जुन्या धर्तीच्या दोन-स्ट्रोक इंजिनातून इंधनाचा सुमारे चतुर्थांश भाग न जळताच बाहेर पडू शकतो. भोपाळच्या मोठ्या तलावाबाबत चर्चा प्रामुख्याने याच अंगाने झाली. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविलेला हा तलाव आजही शहराला पिण्याचे पाणी पुरवितो, 2002 पासून तो रामसर स्थळाचा भाग आहे आणि त्याच्या पाणलोटात मोठ्या प्रमाणावर शेती आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथे क्रूझ व मोटारबोटींना मनाई केली. अन्यत्र अशा वेळी विजेवरील नौकांचा पर्याय पुढे येतो. त्याने तेल थांबते, पण पंखा तोच राहतो. शेतीप्रधान पाणलोटातील उथळ तलावासाठी इंधनाच्या अटीपेक्षा खोलीची आणि वेगाची अट अधिक महत्त्वाची, असे आमचे मत आहे.

स्थानिक पातळीवर हे तपासणे अवघड नाही. 20 सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांची सेक्ची तबकडी दोरीने पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवावी. नौकाविहाराच्या दिवशी व त्यानंतर तीन-चार दिवस, धक्क्याजवळ तसेच नौका न फिरणाऱ्या तितक्याच खोल जागी, दुपारी एकाच वेळी नोंद घ्यावी. वाराही गाळ उठवितो, म्हणून ही दुसरी जागा आवश्यक आहे. पावसाळ्यातील ओढ्यांचे गढूळ पाणी तुलना बिघडविते. नोंदी डिसेंबरनंतर सुरू कराव्यात.