लेबेगचे झाकण
ज्यातील कोणतेही दोन बिंदू १ सें.मी.हून दूर नाहीत असा प्रत्येक कागदी तुकडा, फिरवून वा उलटवून, झाकील असे लहानात लहान बहिर्वक्र झाकण कोणते? लेबेग यांनी १९१४ साली पाल यांना हे पत्राने विचारले. मी झटकन म्हणालो, १ सें.मी. व्यासाचे वर्तुळ! १ सें.मी. बाजूचा समभुज त्रिकोण कापून ठेवला, तो टोके बाहेर.

पाल यांनी १९२० साली सुसम षट्कोन घेतला. समोरच्या बाजूंत अंतर १ सें.मी., क्षेत्रफळ ०.८६६० चौ. सें.मी. खरी गंमत पुढे आहे. समोरासमोरचे कोपरे अंतर्वर्तुळाला स्पर्शिका काढून छाटा. दोन छेदांत १ सें.मी. अंतर, म्हणून एकच तुकडा दोन्ही कोपऱ्यांत शिरत नाही. तीन जोड्यांतला एकेक कोपरा रिकामा; त्यांत एकाआड एक असे दोन असतातच. ते छाटून उरले ०.८४५३.

२०१८ साली गिब्ज ०.८४४१ पर्यंत आले. ०.८३२ हून लहान चालणार नाही, हे ब्रास व शरीफी यांनी २००५ साली दाखविले. नेमका आकडा अजून कोणालाच सापडलेला नाही.