घोडी व्यायला टेकली की

पोरा, तुझी भीमथडी घोडी पहिलारू आहे. सडांच्या टोकांना मेणासारखे थेंब धरलेत, म्हणजे आता फार दिवस नाहीत. दिवसा वाट बघू नकोस. माणसांचा वावर थांबला की रात्रीच घोडी व्यायची. दावं सोड, कोरडा पेंढा अंथर आणि लांब बस. बॅटरीचा झोत तिच्यावर मारू नकोस.

शिंगरू पडलं म्हणून धावायचं नाही. नाळ घोडीच्या किंवा शिंगराच्या उठण्यानं आपसूक तुटते, ती कापू नकोस. नंतर बेंबीला आयोडीन लाव. चाटताना घोडी पिलाचा वास मनात धरते, त्या वेळी मध्ये माणूस नको.

घड्याळ मात्र बघ. तासाभरात शिंगरू उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत वार पडावी. इथं गाईची सवय लावू नकोस. गाईची वार अडकली तर माणूस दिवसभर थांबतो, घोडीला तेवढा धीर परवडत नाही. ओढायचीही नाही, सरळ डॉक्टर बोलव. आणि पहिला चीक पिळून टाक असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. रोगाशी लढायचं बळ शिंगराला आईच्या पोटात मिळत नाही, चिकातूनच मिळतं. तेही पहिल्या दिवसातच, जितकं लवकर तितकं जास्त. नवखी घोडी कास हुळहुळते म्हणून पिऊ देत नाही. तोंडाशी धरून तिला चुचकार.

पुढं काही दिवस ती तुझ्या आणि शिंगराच्या मध्ये येऊन उभी राहील. तो राग समजू नकोस, पण कान मागे पडले की तू थांब. मागून जायचं नाही, खांद्याकडून बोलत जा आणि आधी तिला हात लाव. दुसरी घोडी, कुत्री लांब. वाड्यावरची ओळखीची कुत्रीसुद्धा. शिंगरू तासात तीन-चारदा पितं, म्हणून इतक्यात तिच्या पाठीवर बिऱ्हाड लादू नकोस.

आठवड्याभरानं घोडी माजावर येते, त्याच सुमारास शिंगराला ढाळ लागते. पीत असेल, उड्या मारत असेल तर घाबरू नकोस. रोज कास बघ: तुडुंब भरून दूध ठिबकतंय, म्हणजे शिंगरू पीत नाही, ते आजारी आहे. आईची लीद खाल्ली म्हणून मारू नकोस, पोटाला लागणारे जंतू त्यातूनच जातात. आई दात लावून समज देते तेव्हाही मध्ये पडू नकोस.

चार-सहा महिन्यांनी दूध तोड. तेव्हा घोडीचा खुराक कमी कर आणि कास फुगली तरी पिळू नकोस. पिळशील तर दूध आटायचंच नाही.