घाटमाथ्यावर बिऱ्हाड नको

पोरी, पुण्यातलं भाडं झेपत नाही, दोघांचंही काम घरूनच चालतं, आणि शनिवार उजाडला की तुम्हाला गडावर जायचं असतं. मग बिऱ्हाडच डोंगराजवळ का हलवू नये, हे तुझं म्हणणं मला मनापासून पटलं. हलवा. फक्त जागा नीट पारखून घ्या. मी चाळीस वर्षं सह्याद्रीत हिंडलो, त्यातली दोन वर्षं नोकरीपायी घाटमाथ्यावरच्या एका गावात काढली. तेव्हा जे कळलं ते तुला सांगून ठेवतो.

ऐन माथ्यावर राहायला जाऊ नका. जूनच्या मध्यावर झड लागली की कपडे वाळवायची दोरी आम्ही घरात, चुलीच्या वर बांधायचो. तरी कुबट वास जात नसे. बरणीतलं मीठ पाझरायचं, काडेपेटी तांदळाच्या डब्यात जपून ठेवावी लागे. तुझ्या काकूच्या शालूवर जुलै संपायच्या आत पांढरी बुरशी चढली होती; ती बराच वेळ तो हातात घेऊन बसली होती, ते मला अजून दिसतं. संध्याकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी यायची. आम्हाला कंदील पुरायचा. तुमचं पोट विजेवर आणि रेंजवर आहे.

आता घाटाचा हिशेब ऐक. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. पसरणीचा घाट उतरून वाईत आलीस की हजाराच्याही आत. अंतर किती, तर जेमतेम ३२-३३ किलोमीटर! ढग माथ्यावरच रिकामे होतात आणि पूर्वेकडची गावं कोरडी राहतात. म्हणून डोंगर रोज दिसेल इतकं जवळ राहावं, पण त्याचा पाऊस घरात येणार नाही इतकं पूर्वेला सरकावं. भाडंही तिकडेच कमी. लोणावळा, महाबळेश्वरकडे घराची किंमत पाहुण्यांच्या खिशावर ठरते; तुमच्यासारख्या बारमाही राहणाऱ्याला ती परवडायची नाही.

जागा बघायला दोनदा जा, एकदा जुलैत आणि एकदा मे महिन्यात. सगळे पावसाळ्यात जातात, धबधबे बघून भुलतात आणि अनामत देऊन मोकळे होतात. माथ्याजवळच्या कितीतरी वाड्यांना त्याच पावसानंतर वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. काळा कातळ पाणी मुरू देत नाही, पडलेलं सगळं ओढ्यांनी निघून जातं. नळाला किती दिवसांआड आणि किती वेळ पाणी येतं, हे घरमालकाला विचारू नकोस, नळावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचार. वीज किती जाते ते वायरमनला विचार. त्यांना तुला घर खपवायचं नसतं.

गावं म्हणशील तर जुन्नर चांगलं. शिवनेरी अगदी गावाला लागून. चावंड, हडसर, जीवधन, नाणेघाट सगळं तालुक्यातच. मात्र बिबट्या तिथे उसात वस्तीला असतो, तेव्हा अंधारात एकटीनं शेतवाटेनं फिरायचं नाही. अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, म्हणजे चढणाऱ्याला स्वर्ग, पण मोठ्या दवाखान्यासाठी संगमनेर गाठावं लागतं. साताऱ्यात रेल्वे, जिल्हा रुग्णालय, हमरस्ता सगळं आहे, अजिंक्यतारा तर डोक्यावरच. भाडं तेवढं जास्त पडेल. माझा कौल वाईला. पांडवगड, वैराटगड, कमळगड, केंजळगड हाताशी, कृष्णेचा घाट, विश्वकोशाचं कार्यालय असलेलं वाचणाऱ्यांचं गाव. रेल्वे नाही, ही एक उणीव.

आमच्या वेळी गावाची पारख मुक्कामी गाडीवर व्हायची. रात्री एसटी जिथे मुक्काम करून पहाटे निघते, तिथून बाळंतीण आणि आजारी माणूस वेळेवर तालुक्याला पोचायचे. तुमच्याकडे गाडी असली तरी हे बघाच. शिवाय ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध आहे का, रात्री डॉक्टर असतो का, हे स्वतः जाऊन विचारा. फोनवर विचारू नका.

स्वस्त म्हणून तालुक्याबाहेर वीस किलोमीटरवर घर घेतलंत, तर रोजची फेरी चाळीस किलोमीटरची. दूध, गॅस, औषध, कुरिअर, सगळ्याला गाडी. वाचलेलं भाडं पेट्रोलमध्ये जातं.

जमीन घेण्याची घाई तर मुळीच करू नका. शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन सहजी घेता येत नाही, आणि आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर आदिवासीला मिळत नाही. अकोले, इगतपुरी, जुन्नरच्या पश्चिमेला अशी जमीन पुष्कळ आहे. ती त्यांच्याकडेच राहावी असं मला वाटतं. ‘कागद नंतर बघू’ म्हणणारा दलाल भेटला की तिथूनच माघारी फिरा. बिगरशेती प्लॉट असला तरी सातबारा आणि त्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना वकिलाकडून वाचून घ्या. आणि डोंगर जेसीबीनं कापून सपाट केलेल्या जागेवर, किंवा तशा कापलेल्या कड्याखाली, फुकट दिलं तरी घर नको. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. मी त्या रस्त्यानं भीमाशंकरला कितीदा गेलो असेन.

तेव्हा पहिलं वर्ष भाड्यानं राहा, करार नोंदवून घ्या. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच घरात काढा, मग पुढचं बोलू. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाईला जाऊन यायचं असेल तर कळव. मी येतो बरोबर, पहाटेची पहिली एसटी धरू.