बालकासह द्वीपप्रवास : वैद्याचा सल्ला आणि पुडीवरील मजकूर

प्रास्ताविक

दिवाळीची अथवा नाताळची सुट्टी जवळ आली की चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो. "वैद्यराज, मुलाला गाडी लागते. प्रवासासाठी काहीतरी देऊन ठेवा." पूर्वी हा प्रवास महाबळेश्वरच्या घाटाचा अथवा तिरुपतीचा असे. अलीकडे त्यात समुद्रप्रवासाची भर पडली आहे. अंदमानच्या सहली तर आहेतच. शिवाय २०२४ च्या आरंभी लक्षद्वीपची देशभर चर्चा झाली आणि त्यानंतर त्या बेटांविषयी विचारणा करणारी कुटुंबे वाढली, असा माझा अनुभव आहे. आई-वडील, आजी-आजोबा आणि दोन-तीन वर्षांचे बालक असा हा परिवार असतो. तिकिटे आधीच काढलेली असतात आणि वैद्याकडे ते निघण्याच्या आदल्या दिवशी येतात.

अशा वेळी आपण काय विचारतो, काय देतो आणि पुडीवर काय लिहितो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. माझ्या हातून घडलेली एक चूक हे या लेखाचे निमित्त होय.

रुग्णानुभव

डिसेंबर २०२३ मध्ये अडीच वर्षांच्या एका मुलास घेऊन त्याचे पालक माझ्याकडे आले. कोचीहून जहाजाने लक्षद्वीपला जाण्याचा त्यांचा बेत होता. मोटारीत मूल नेहमी ओकत असे. मी नाडी, जिव्हा व कोष्ठ पाहिले. बालचतुर्भद्र चूर्णाच्या पुड्या मधासह देण्यास सांगितल्या, सोबत थोडे सुंठ-साखरेचे चूर्ण दिले आणि पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले : 'उलटीसाठी'. पाच मिनिटांत काम आटोपले.

प्रवासाच्या पहिल्या रात्री मुलास उलट्या सुरू झाल्या. पालकांनी चूर्ण दिले. मूल पुन्हा ओकले, त्यांनी पुन्हा चूर्ण दिले. पहाटे अंग तापले आणि पातळ जुलाबही सुरू झाले. तरीही 'बोट लागली आहे, वैद्यांनी यासाठीच औषध दिले आहे' या समजुतीने दुपारपर्यंत तेच चालू राहिले. मुलास सात-आठ तास मूत्रप्रवृत्ती झालेली नाही, हे अखेर आजीच्या लक्षात आले. बेटावरील रुग्णालयात शिरेवाटे द्रव द्यावे लागले. मूल दोन दिवसांत बरे झाले.

परत आल्यावर पालक तक्रार करण्यासाठी आले नव्हते, आभार मानण्यासाठी आले होते. मी मात्र ते रिकामे पाकीट हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. चूर्णात दोष नव्हता. दोष त्या एका शब्दात होता. 'उलटीसाठी' असे लिहून मी पालकांना औषध कधी द्यावे हे सांगितले होते, कधी थांबावे हे सांगितले नव्हते.

शास्त्रविचार

मुंबई-गोवा आगबोटीच्या काळात 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग कोकणात घरोघरी परिचित होता. अंतःकर्णास गतीची जाणीव होते, परंतु खोलीत बसलेल्या डोळ्यांना भोवतालचे सर्व स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ, लालास्राव, जांभया, चेहरा पांढरा पडणे व शेवटी छर्दी अशी लक्षणे उत्पन्न होतात. आपल्या परिभाषेत येथे चल गुणाने क्षुब्ध झालेला वात कफाचे उत्क्लेशन करतो, असे म्हणता येईल.

चरकाचार्यांनी छर्दीचे पाच प्रकार वर्णिले आहेत. म्हणजे छर्दी हे लक्षण एक, परंतु हेतू भिन्न. जहाजावर ओकणाऱ्या प्रत्येक बालकास बोटच लागली आहे असे धरून चालणे हे हेतुपरीक्षेस सोडून होय. काश्यपसंहितेतील वेदनाध्यायाची आठवण येथे व्हावी. जे बालक बोलून सांगू शकत नाही, त्याच्या चेष्टांवरून व्याधी ओळखण्याची रीत तेथे सांगितली आहे.

बोट लागणे व संसर्गजन्य छर्दी-अतिसार यांतील भेद पालकांना पुढीलप्रमाणे सांगता येतो. बोट लागल्यास त्रास जहाज हलू लागल्यावर सुरू होतो, जमिनीवर उतरल्यावर ओसरतो आणि ताप अथवा जुलाब होत नाहीत. याउलट, समुद्र शांत असतानाही उलटी थांबत नसेल, अंग तापले असेल, जुलाब होत असतील किंवा सहप्रवाशांपैकी इतरांनाही तसाच त्रास असेल, तर तो संसर्ग मानून चालावे.

वयोभेदानुसार सल्ला

सुश्रुताचार्यांनी केलेले क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद हे तीन विभाग या विषयात अत्यंत उपयुक्त ठरतात.

क्षीरप (एक वर्षापर्यंत) : या वयात हौसेचा समुद्रप्रवास पुढे ढकलावा, असे मी स्पष्टपणे सांगतो. अनेक आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालील बालकास जहाजावर घेत नाहीत व लांबच्या मार्गांवर ही मर्यादा बारा महिन्यांची असते. प्रवास अटळच असेल तर स्तन्यपान अखंड चालू ठेवावे. येथे एक सूचना आवर्जून करतो. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. मधातील विशिष्ट जीवाणूंच्या बीजांमुळे या वयात बोट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो. परंपरेने मधासह सांगितलेली औषधे या वयात मातेच्या दुधातून अथवा उकळून निवविलेल्या पाण्यातून द्यावीत.

क्षीरान्नाद (एक ते दोन वर्षे) : दोन वर्षांखालील बालकांना गती सहसा बाधत नाही. म्हणूनच या वयाचे मूल जहाजावर ओकू लागले तर प्रथम अन्य कारणाचा संशय घ्यावा. पालक औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रोमेथाझिनयुक्त गोळी घेतात. दोन वर्षांखालील बालकास ती निषिद्ध आहे, कारण श्वसन मंदावण्याचा धोका असतो. विक्रेतेबंधूंनी गोळी देण्यापूर्वी ती कोणासाठी आहे व मुलाचे वय किती, एवढे अवश्य विचारावे.

अन्नाद (दोन वर्षांनंतर) : बोट लागण्याचा त्रास या वयापासून दिसू लागतो व बारा वर्षांपर्यंत अधिक आढळतो. येथे आपल्या उपायांना वाव आहे. निघण्यापूर्वी लघु आहार द्यावा; पोट रिकामेही नसावे व तुडुंब भरलेलेही नसावे. साळीच्या लाह्या, लाजमंड अथवा मऊ भात हितकर होय. तळलेले पदार्थ, आईस्क्रीम व गोड शीतपेये टाळावीत. खोली घ्यायची तर जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरची घ्यावी, तेथे हेलकावे कमी जाणवतात. मुलास मोबाईल अथवा चित्रांचे पुस्तक देऊ नये, मोकळ्या हवेत नेऊन क्षितिजाकडे पाहण्यास सांगावे. सुंठ-साखर वय व बल पाहून अल्प मात्रेत द्यावी. आलेपाकाची कडक वडी चार वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ती देऊ नये.

कोणतेही औषध प्रथमच जहाजावर देऊ नये. ते किमान आठवडाभर आधी घरी देऊन सात्म्य पाहावे. पालकांना निदान पंधरा दिवस आधी बोलवावे, हे यासाठीच.

प्रवासापूर्वी विचारावयाचे प्रश्न

हल्ली मी औषध देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारतो.

१) जहाजावर किती तास? कोचीहून लक्षद्वीपच्या बेटांपर्यंत बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. कवरत्ती सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. मध्ये उतरण्याची सोय नाही.

२) जहाजावर डॉक्टर आहे का, आणि ज्या बेटावर जाणार तेथे रुग्णालय आहे का? लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी केवळ १० बेटांवर वस्ती आहे. प्रवेशपरवान्याची चौकशी करताना हेही विचारून लिहून ठेवावे.

३) ऋतू कोणता? जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. लहान मुलासाठी ऑक्टोबरनंतरचा काळ निवडावा.

४) कोचीपर्यंतचा प्रवास कसा? कोकण रेल्वेने पोहोचून त्याच दिवशी जहाजावर चढल्यास मूल आधीच थकलेले असते. एक रात्र कोचीत विश्रांती घ्यावी.

५) मुलाचे वजन किती, लसीकरण पूर्ण आहे का, गेल्या पंधरवड्यात ज्वर अथवा अतिसार झाला होता का? झाला असल्यास बेत पुढे ढकलण्याचा सल्ला देण्यास संकोच करू नये.

औषधपेटी

औषधपेटीतील पहिली वस्तू चूर्ण नव्हे, तर जलसंजीवनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनविलेली ओआरएसची चार-पाच पाकिटे द्यावीत. पाकीट एक लिटरचे की २०० मिलिलिटरचे, हे दाखवून द्यावे. कमी पाण्यात कालवलेले द्रावण घातक ठरते. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर व त्यापुढील मुलास १०० ते २०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा पाजावा. जुलाब असल्यास सहा महिन्यांवरील बालकास जस्त २० मिलिग्रॅम रोज, १० ते १४ दिवस, ही योजनाही पालकांना समजावून द्यावी.

विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे की ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावांत 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे. गोड पेयाचे खोके जलसंजीवनी म्हणून देणे हे अतिसारी बालकाचे नुकसान करणे होय.

रसकल्प प्रवासासाठी बांधून देऊ नयेत. आनंदभैरव रसासारख्या कल्पांत हिंगुळ व वत्सनाभ असतात. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात आणि समुद्रात ती देखरेख नसते. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यांश लक्षात घेता लहान मुलासाठी तीही टाळलेली बरी.

पेटीत तापमापक, चमचा, मोजपेला व साबण असावा. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर हातांना लावावयाचे मद्ययुक्त द्रव फारसे प्रभावी ठरत नाही, साबण-पाण्याने हात धुणेच श्रेयस्कर. अनेक बेटांपाशी जहाज प्रवाळभित्तीबाहेर थांबते व लहान नावेतून किनाऱ्यास जावे लागते. त्या वेळी पेटी सामानात न ठेवता आईच्या अथवा वडिलांच्या खांद्यावर असावी आणि मुलास त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट घातलेले असावे.

पुडीवर काय लिहावे

आता माझ्या चिकित्सालयात प्रवासाच्या प्रत्येक पाकिटावर मुलाचे नाव, वय, वजन व मात्रा यांखाली पुढील मजकूर असतो :

'फक्त बोट अथवा गाडी लागल्यास. दोन मात्रांनी न थांबल्यास तिसरी देऊ नये. ताप, जुलाब, हिरवी उलटी, मलातून रक्त, सहा तास लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे अथवा मूल मलूल होणे, यांपैकी एकही आढळल्यास हे औषध बंद करून ओआरएस सुरू करावे व त्वरित डॉक्टरांस दाखवावे.'

हा मजकूर मी पालकांकडून मोठ्याने वाचून घेतो. शक्य असल्यास आजीलाही ऐकवितो, कारण मुलाचे लंगोट बहुधा तीच बदलत असते.

उपसंहार

समुद्र पाहण्याचा बालकाचा आनंद आपण हिरावून घेऊ नये. बहुतेक मुले सुखरूप जातात व शंख-शिंपले घेऊन परत येतात. परंतु आपली पुडी जेव्हा आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर उघडली जाते, तेव्हा तेथे वैद्य नसतो, केवळ त्याचे अक्षर असते. ते अक्षर पुरेसे बोलले पाहिजे. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनी येत्या सुट्टीपूर्वी आपापल्या पाकिटांवरील मजकूर एकवार तपासून पाहावा, एवढीच विनंती.