व्हाइसमधला सिंह

अगं, रविवारी सुपेल्याच्या बाजारातून ते रुपयाचं नाणं आणलंस आणि लगेच फोटो पाठवलास, "ताई, एरर आहे ना?" फोटोत नीट कळेना, म्हणून घरी बोलावलं. आता हातात घेऊन बघितलंय, तर खरं सांगते, मनाला लावून घेऊ नकोस. हे टांकसाळीचं काम नाही, कुणाच्या तरी व्हाइसचं आहे.

एका बाजूला सिंह उलटे आणि खोल उमटलेत, म्हणून तो विकणारा 'ब्रोकेज' म्हणाला. खऱ्या ब्रोकेजमध्ये आधी ठोकलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं. खाली नवी चकती येते, तिच्यावर ठशाऐवजी त्या नाण्याचाच छाप पडतो. दुसरी बाजू मात्र ठसठशीत उठते. तुझ्या नाण्याची दुसरी बाजू बघ, दबून सपाट झालीय. आणि उलट्या सिंहांच्या खाली मूळचा एकाचा आकडा अजून पुसटसा दिसतोय. दोन नाणी एकमेकांवर ठेवून आवळली, झालं काम!

भिलाईत याचं नवल नाही. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून इथे गल्लोगल्ली फिटर आणि मशिनिस्ट. माझ्या भाच्यानेच दहाच्या नाण्याचं मधलं चक्र ठोकून बाहेर काढलं होतं आणि 'दुर्मीळ' म्हणून मला दाखवायला आणलं होतं! लहानपणी आम्ही रुळावर पाच पैसे ठेवायचो. गाडी गेली की नाणं पापडासारखं पसरायचं, अक्षरंही लांबायची. टांकसाळीत छाप सरकून पडला, तर अक्षरं आपल्या मापाची आणि स्वच्छ राहतात, फक्त कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी उरते. वजन दोन्हीकडे तेवढंच भरतं, तेव्हा काट्यावर भरवसा ठेवू नकोस.

कडेचा घास गेलेलं नाणं दिसलं, तर घासाच्या बरोबर समोरची कड बघ. चकती कापतानाच घास गेला असेल, तर तिथली कड बहुधा फिकी उठते. नंतर कानस मारणाऱ्याला हे सुचत नाही. (या स्टीलच्या चकत्या सेलच्या सेलम कारखान्यातही बनतात, म्हणजे भिलाईच्या भावंडाकडेच.)

आणि सालाखाली टांकसाळीची खूण नाही म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर हसून पुढे जा. मुंबईची खूण चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकाता खूण करतच नाही.

प्रतीचं म्हणशील, तर यूएनसी म्हणजे न वापरलेलं, त्याखाली एक्सएफ, व्हीएफ, फाइन. पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती बघायचा, आधी तोच झिजतो. १९११ च्या रुपयावर हा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी तो बदलला. तीही टांकसाळीची चूक नव्हे हं, नक्षीच तशी होती.

आता एक जवळचं. आईच्या डब्यातले चांदीचे रुपये आपण दर लक्ष्मीपूजनाला चिंचेने आणि राखेने लख्ख घासत आलो. त्या घासण्यात मूळची झळाळी गेली, बारीक ओरखडे उठले, आणि जाणकार असल्या नाण्याला 'क्लीन्ड' म्हणून बाजूला सारतो. मीही वर्षानुवर्षं घासलेत, तुला काय बोलू? यंदा नुसत्या पाण्यातून काढ आणि सुती कापडाने टिपून घे.

व्हॉट्सअॅपवर जुन्या नाण्याला लाखो देतो म्हणून आधी 'शुल्क' मागणाऱ्यांना उत्तरच देऊ नकोस. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही.

येत्या रविवारी हे नाणं परत करायला मी येते तुझ्याबरोबर. दहापटीचं भिंग तेवढं पर्समध्ये टाक.