वाळवंटातील दाढी व पाण्याचे माप

‘वाळवंटात पाणी दुर्मिळ असते’ एवढ्या वाक्याने मुलांस फारसे उमगत नाही. त्यापेक्षा शिक्षकांनी दाढीचे उदाहरण घ्यावे. १९४० मध्ये मेजर राल्फ बॅग्नोल्ड यांनी इजिप्तमध्ये उभारलेल्या टेहळणी पथकातील सैनिक मोहिमेवर असताना दाढी वाढू देत. ब्रिटिश भूदलात ही सवलत विरळाच! परंतु माणशी दिवसाला सुमारे ३ ते ४ लिटर पाणी मिळे. त्यातच पिणे व चहा. शिवाय वस्तऱ्याचा बारीक ओरखडाही वाळूने चिघळे. मोटारीच्या रेडिएटरमधील वाफसुद्धा नळीने डब्यातील पाण्यात सोडून थंड करीत व ते पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये घेत. (वाफेचे पाणी होणे हा पाठ येथेच जोडावा.) तत्पूर्वी घरी वडिलांच्या दाढीस किती पेले पाणी लागते, ते मुलांनी स्वतः मोजून आणावे.